स्पर्शभिंगे

डोळ्याच्या दर्शनी पृष्ठभागावरील अश्रूंच्या पातळ थरावर बसविण्यात येणाऱ्या पारदर्शक, वक्र चकतीला स्पर्शभिंग असे म्हणतात. व्यवहारात ‘कॉन्टॅक्ट लेन्स’ हे नाव अधिक रूढ आहे. निकटदृष्टिता, दूरदृष्टिता, अबिंदुकता इ. दृष्टिदोषांवर चष्म्याऐवजी स्पर्शभिंगे वापरतात. स्वच्छमंडल (बुबुळासमोरील पारदर्शक आवरण) शंकूसारखे पुढे आले असल्यास चष्म्याने न सुधारणारी दृष्टी कठीण स्पर्शभिंगाने पुष्कळदा सुधारते. कारण भिंग व स्वच्छमंडल यांमधील अश्रूंचा थर पृष्ठभागाचा अनियमितपणा भरून काढतो. चष्म्याचे भिंग डोळ्यापासून अलग असते, तर स्पर्शभिंग जिवंत ऊतकाला लागून असते. त्याच्या वापराचे व निगेचे सर्व नियम या एका गोष्टीतून निघतात.

इतिहास व प्रकार : डोळ्यावर प्रत्यक्ष वापरलेल्या दृष्टिसुधारक काचभिंगांचे वर्णन आडोल्फ ऑयगेन फिक (१८५२–१९३७) यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केले. ही भिंगे मोठी व जड असून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकत. ती थोडाच वेळ सहन होत. पुढे प्लॅस्टिकचा वापर सुरू झाला व १९४८ च्या सुमारास केव्हिन ट्यूही यांनी केवळ स्वच्छमंडलावर मावणारे लहान कठीण भिंग तयार केले. चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तरले (१९१३–९८) यांनी पाणी शोषून मऊ होणाऱ्या बहुवारिकापासून भिंगे बनविली. १९६१ च्या नाताळात त्यांनी मुलांच्या जोडणीच्या खेळातील धातूचे भाग व सायकलचा डायनॅमो वापरून घरीच त्यासाठी यंत्र रचले. अमेरिकेत मऊ भिंगांना १९७१ मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर ऑक्सिजन आरपार जाऊ देणारी कठीण भिंगे, ठराविक मुदतीनंतर टाकून द्यावयाची मऊ भिंगे, रोज नवीन वापरावयाची भिंगे आणि सिलिकोनयुक्त मऊ भिंगे प्रचारात आली.

स्वच्छमंडल व ऑक्सिजन : स्वच्छमंडल पारदर्शक राहावे म्हणून त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा ऑक्सिजन मुख्यतः हवेतून, अश्रूंत विरघळून मिळतो. डोळे मिटल्यावर हा पुरवठा पापण्यांच्या आतील रक्तवाहिन्यांकडून होतो व तो बराच कमी असतो. अशा वेळी डोळ्यात भिंग असल्यास तो आणखी घटतो. परिणामी स्वच्छमंडलास सूज येते, त्याचा बाह्य थर दुबळा होतो आणि दीर्घकाळ असेच चालू राहिल्यास कडेने नव्या रक्तवाहिन्या आत शिरू लागतात. मिटलेल्या डोळ्यात पापण्यांची उघडझाप व अश्रूंचा प्रवाहही थांबत असल्याने जंतू धुऊन जात नाहीत. म्हणून भिंगे घालून झोपणे हा सर्वांत मोठा धोका समजला जातो. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत केवळ दिवसा मऊ भिंगे वापरणाऱ्या दर १०,००० व्यक्तींमागे वर्षाला सु. ४ जणांना, तर रात्रीही ती ठेवण्यासाठी दिलेली भिंगे वापरणाऱ्यांपैकी सु. २१ जणांना स्वच्छमंडलाचा व्रण झाल्याचे आढळले. सिलिकोनयुक्त भिंगांतून ऑक्सिजन पुष्कळ अधिक जातो. तथापि ती घालून झोपल्यास संसर्गाचा धोका टळत नाही.

पाणी व सूक्ष्मजंतू : नळाचे, विहिरीचे अथवा तलावाचे पाणी पिण्यास योग्य असले, तरी भिंगासाठी सुरक्षित नसते. माती व पाणी यांत सर्वत्र आढळणारा अकँथामीबा हा एकपेशीय जीव प्रतिकूल स्थितीत दुहेरी भित्तीचे कवच धारण करतो व पिण्याच्या पाण्यातील क्लोरिनाला दाद देत नाही. त्याच्या संसर्गाने अतिशय वेदनादायक स्वच्छमंडलशोथ होतो व उपचार कित्येक महिने चालवावे लागतात. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत अशा रुग्णांची संख्या वाढली, तेव्हा मिठाच्या गोळ्यांपासून घरी केलेल्या लवणद्रावणाशी तिचा संबंध आढळला. स्यूडोमोनस या जंतूमुळे होणारा व्रण तर एकदोन दिवसांतही दृष्टीला गंभीर इजा करू शकतो. २००५-०६ मध्ये फ्यूजेरियम या कवकाची साथ उद्‌भवली. अमेरिकेत तिचे १६४ निश्चित रुग्ण नोंदले गेले आणि तिच्याशी संबंध आढळलेले एक स्वच्छताद्रावण जगभरातून मागे घेण्यात आले.

वापर व निगा : भिंगाला हात लावण्यापूर्वी हात साबणाने धुऊन, धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने कोरडे करावेत, ओल्या बोटांनी नळाचे पाणी भिंगावर जाते. अदलाबदल होऊ नये म्हणून नेहमी एकाच डोळ्यापासून, उदा., उजव्यापासून सुरुवात करावी. पुन्हा वापरावयाचे मऊ भिंग काढल्यावर तळहातावर ठेवून, त्याच्यासाठी सांगितलेल्या द्रावणाने बोटाच्या टोकाने हलके चोळावे, धुवावे व डबीत ताज्या द्रावणात बुडवून ठेवावे. डबीतील जुन्या द्रावणात नव्याची भर घालू नये. त्यामुळे द्रावणाची जंतुनाशक शक्ती क्षीण होते. केवळ लवणद्रावण जंतुनाशक नसते. थुंकी तर कधीही वापरू नये. हायड्रोजन पेरॉक्साइडयुक्त द्रावण त्याच्याच खास डबीत सांगितलेल्या वेळेपर्यंत निष्प्रभ होऊ द्यावे लागते. त्यापूर्वी भिंग घातल्यास डोळ्याचा दाह होतो. रिकामी डबी ताज्या द्रावणाने विसळून, पुसून, पालथी घालून सुकवावी व सु. तीन महिन्यांनी बदलावी. रोज नवीन वापरावयाची भिंगे साठवून पुन्हा घालू नयेत.

स्नान, पोहणे वा रंगपंचमी यांपूर्वी भिंगे काढून ठेवावीत. काजळ व इतर प्रसाधने भिंग घातल्यानंतर लावावीत आणि भिंग काढल्यानंतर पुसावीत. केवळ डोळ्यांचा रंग बदलणारी, क्रमांक नसलेली भिंगेही डोळ्याच्या मापाची असावी लागतात. ती तपासणीवाचून घेऊ नयेत किंवा परस्परांत वापरू नयेत. भिंगे वापरणाऱ्याने योग्य क्रमांकाचा चष्मा नेहमी जवळ बाळगावा, कारण गरज पडल्यास भिंग तत्काळ काढता येणे ही सुरक्षिततेची पहिली अट आहे.

धोक्याची लक्षणे : डोळा दुखणे, लाल होणे, पाणी येणे, प्रकाश सहन न होणे किंवा अंधुक दिसणे यांपैकी काहीही जाणवल्यास भिंग लगेच काढावे. भिंग काढल्यावरही त्रास राहिल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ञांकडे जावे व भिंग आणि डबी सोबत न्यावी. त्यांवरून जंतूचा शोध घेण्यास मदत होते. डोळ्यावर पट्टी बांधू नये. घरात उरलेले थेंब, विशेषतः स्टेरॉइडयुक्त, स्वतःच्या मनाने घालू नयेत. त्यांनी लाली तात्पुरती कमी होते, पण संसर्ग आत पसरत राहतो. व्रण भरला, तरी त्याच्या जागी अपारदर्शक वण उरू शकतो. तो बाहुलीसमोर असल्यास दृष्टी कायमची मंदावते व कधीकधी स्वच्छमंडलाचे प्रतिरोपण करावे लागते. योग्य तपासणी व नियमित निगा असल्यास मात्र स्पर्शभिंगे वर्षानुवर्षे सुरक्षितपणे वापरता येतात.