एकच उष्ण कटिबंध, भिन्न हवामान : मुंबई, पुणे आणि वऱ्हाडातील शहरे

प्रस्तावना :
संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने त्याचे हवामान 'उष्ण कटिबंधीय मोसमी' या एकाच संज्ञेने सांगितले जाते. तथापि मुंबई व अकोला यांच्या अक्षांशांत दोन अंशांहूनही कमी अंतर असताना मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान मुंबईत सुमारे ३३° से., तर अकोल्यात सुमारे ४२° से. असते. या तफावतीची कारणे व तिचे शैक्षणिक नियोजनातील महत्त्व स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तापमान :
पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापते. त्यामुळे दुपारचे खारे वारे मुंबईचे तापमान वाढू देत नाहीत. समुद्रापासून चारशे कि.मी.हून अधिक दूर असलेल्या अकोल्यास हा लाभ मिळत नाही. पीक निघाल्यानंतर उघडी पडलेली काळी जमीन उष्णता शोषते व वायव्येकडील कोरडे वारे तीत भर घालतात. दुसरा घटक उंचीचा होय. दर १००० मीटरला तापमान साधारणतः ६.५° से.ने घटते. म्हणूनच सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुणे अकोल्याहून सौम्य, तर सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदरा अमरावती जिल्ह्यात असूनही थंड हवेचे ठिकाण आहे.

पर्जन्य व आर्द्रता :
अरबी समुद्रावरील मोसमी वारे सह्याद्रीमुळे कोकणात भरपूर पाऊस देतात. मुंबईत वार्षिक पर्जन्य २००० मि.मी.हून अधिक, तर पर्जन्यछायेतील पुण्यात सुमारे ७०० मि.मी. असते. पूर्वेकडे बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे ते पुन्हा वाढते. अकोल्यात ते सुमारे ८०० मि.मी., तर नागपुरात १००० मि.मी.हून अधिक आहे.

आर्द्रतेतील फरक घरातील कूलरवरून सहज समजतो. पाण्याचे बाष्पीभवन होताना हवेतील उष्णता शोषली जाते. वऱ्हाडातील कोरड्या हवेत ही क्रिया वेगाने घडते; मुंबईच्या दमट हवेत ती मंदावते व घाम वाळत नाही. परंतु कूलरला पाणी लागते ते नेमके टंचाईच्या काळात. त्यातच पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारे आहे. म्हणजे उष्णतेवरील स्थानिक उपायही पाण्याच्या उपलब्धतेवर अवलंबून आहे.

शैक्षणिक नियोजन :
विदर्भातील शाळा उन्हाळी सुटीनंतर उर्वरित राज्यापेक्षा उशिरा सुरू करून शासनाने हा भेद मान्य केला आहे. महाविद्यालयीन उन्हाळी परीक्षांबाबत मात्र तितकाच विचार आवश्यक आहे. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. तेथे राज्याच्या सर्व भागांतून विद्यार्थी येणे अपेक्षित आहे. कोकणातून येणाऱ्या विद्यार्थ्यास ३३ अंशांतील घामाची सवय असते. ४२ अंशांतील कोरड्या झळा त्यास अपरिचित असतात. अशा हवेत घाम तत्काळ वाळत असल्याने शरीरातील पाणी कमी झाल्याचे लवकर लक्षात येत नाही, हा खरा धोका आहे.

निष्कर्ष :
अक्षांश हा हवामानाचा केवळ एक घटक आहे. समुद्रसान्निध्य, उंची, पर्वतरचना व आर्द्रता यांमुळे एकाच कटिबंधातील शहरे भिन्न ठरतात. म्हणून राज्यभर एकच वेळापत्रक लागू करण्याऐवजी वऱ्हाडातील परीक्षा सकाळच्या सत्रात घेणे व परीक्षा केंद्रावर पिण्याच्या पाण्याची व्यवस्था करणे, हे सवलत नसून भूगोलाचे साधे उपयोजन आहे.