पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही

सुटे भाग आणून घरी जोडलेल्या कॉम्प्युटरचे बटण दाबले, पंखे फिरू लागले, रंगीत दिवे लागले, पण मॉनिटर काळाच राहिला, की निदान ठरलेले असते. वीज येते आहे, म्हणजे एसएमपीएस ठीक. चित्र नाही, म्हणजे ग्राफिक्स कार्ड किंवा मदरबोर्ड गेला. या दोन्ही वाक्यांतला ‘म्हणजे’ चुकीचा आहे आणि त्यापायी धडधाकट भाग बदलले जातात. पंख्याला फक्त १२ व्होल्ट पुरतात. प्रोसेसर जागा झाला की नाही, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. प्रोसेसरला स्वतंत्र ४ किंवा ८ पिनांची केबल लागते. ती सहसा बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, कूलरच्या आड बसते आणि जोडायची राहून जाते. मग पंखे जोरात फिरतात आणि प्रोसेसर निपचित असतो. बरे, पंखे फिरले म्हणून एसएमपीएस तरी चांगला ठरतो का? तेही नाही. पंखे मोजके वॅट खातात. प्रोसेसर आणि कार्डाचा भार आल्यावर व्होल्टेज ढासळू शकते.

पडद्यावरचे चित्र ही साखळीची शेवटची कडी असते. आधी प्रोसेसर सुरू होतो, बायोस चालू लागते, रॅम तपासली जाते, ग्राफिक्स सापडते आणि मगच मॉनिटरला सिग्नल जातो. त्यामुळे आधीची कुठलीही कडी तुटली, तरी दिसतो तो काळा पडदाच. कडी कोणती, हे कळावे म्हणून आजच्या अनेक बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशा नावांचे चार बारीक दिवे असतात. अडलेल्या टप्प्याचा दिवा लागून राहतो. मात्र दिवा टप्पा सांगतो, गुन्हेगार नव्हे. रॅमचा दिवा अर्धवट बसलेल्या रॅममुळे लागतो, तसाच सॉकेटमधल्या वाकलेल्या पिनेमुळेही लागू शकतो, कारण रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो. म्हणून दिवा पाहून लगेच नवी रॅम आणणे हीसुद्धा घाईच.

काही वेळा तर काहीच बिघडलेले नसते. इंटेलच्या आय५-१२४००एफसारख्या, शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते. रायझन ५ ५६०० मध्येही नाही. अशा वेळी मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या एचडीएमआयला लावली तर चित्र येणारच नाही. ती कार्डालाच लावायला हवी. बी४५० बोर्डावर जुने बायोस असेल, तर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर त्याला ओळखताच येत नाही. एएम५ बोर्डावर डीडीआर५ रॅम पहिल्यांदा बसवली की तिची जुळवणी काही मिनिटे चालू शकते. या काळात पडदा काळा असतो, आणि घाबरून बटण दाबणाऱ्याची जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. निदान १५ मिनिटे थांबणे हीच इथली दुरुस्ती.

नवा भाग कधी खराब निघतच नाही का, असे कोणी विचारील. निघतो. पण ते सिद्ध करावे लागते, आणि भाग अंदाजाने बदलत जाण्यापेक्षा ते कमी करत जाणे हा त्याचा भरवशाचा मार्ग आहे. बोर्ड कॅबिनेटबाहेर कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवावा. त्यावर प्रोसेसर, कूलर आणि मॅन्युअलने सांगितलेल्या खाचेत रॅमची एकच पट्टी बसवावी. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तरच कार्ड लावावे. इथे चित्र आले, तर बोर्ड आणि प्रोसेसर बहुधा निर्दोष आहेत. मग कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली चुकीच्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ किंवा बाजूला काढलेल्या भागांपैकी एखादा शोधायचा. चित्र नाही आले, तर संशयित तीन-चारच उरतात आणि एकेक पट्टी, एकेक खाच बदलून पाहता येते. प्रत्येक बदलाआधी भिंतीवरचे बटण बंद करावे.

वॉरंटीसाठी दुकानात जाण्याआधी एवढे जरूर करा. प्रोसेसर काढाल तर सॉकेटचा स्पष्ट फोटोही काढून ठेवा, कारण वाकलेल्या पिना सहसा वॉरंटीत बसत नाहीत.