संपत्ती झाल्यावरची काटकसर

उपासकदशांग या सातव्या अंगात वाणिज्यग्रामच्या आनंद गाथापतीच्या संपत्तीचे वर्णन आले आहे. व्यापारी घरातील वाचकाला ते एखाद्या पेढीच्या ताळेबंदासारखे वाटेल. ४ कोटी सुवर्णमुद्रा निधानात, म्हणजे राखीव. ४ कोटी वृद्धीला, म्हणजे व्याजव्यापारात लावलेल्या. आणि ४ कोटी घरसंसाराच्या पसाऱ्यात. याखेरीज प्रत्येकी १०,००० गायींची चार गोकुळे. एकूण धनाचा तिसरा हिस्सा गुंतवणुकीत ठेवणारा हा गृहस्थ भगवान महावीरांपुढे गेला, तेव्हा त्याने मुनिदीक्षा घेतली नाही. श्रावकाची बारा व्रते घेतली. त्यांपैकी पाचवे व्रत इच्छापरिमाणाचे, म्हणजेच परिग्रहाला मर्यादा घालण्याचे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारातही परिमित परिग्रहाला हेच दुसरे नाव दिलेले आहे, त्यामुळे या बाबतीत दोन्ही परंपरा एकच भाषा बोलतात.

आनंदाने घातलेली मर्यादा लक्ष देऊन पाहण्याजोगी आहे. जे १२ कोटी होते ते त्याने टाकले नाहीत. यापुढे त्यात भर घालणार नाही, एवढेच ठरवले. नांगर ५००, प्रवासाच्या गाड्या ५००, मालवाहतुकीच्या गाड्या ५००, नावा चार आणि चार. मग उपभोगाची यादी सुरू होते आणि ती अतिशय बारकाईची आहे. अंग पुसण्यास एका विशिष्ट प्रकारचे सुगंधी काषाय वस्त्र. दातवण ओल्या ज्येष्ठमधाचे. केस धुण्यास आवळा. अभ्यंगाला शतपाक व सहस्रपाक तेल. स्नानाला आठ घडे पाणी. नेसण्या-पांघरण्यास एक वस्त्रयुगुल. दागिन्यांत कर्णभूषणे आणि नावाची अंगठी. तांदूळ कलमशाली, तूप शरद ऋतूतील गायीचे, पिण्यास पावसाचे पाणी. या यादीत दारिद्र्याचा लवलेशही नाही. शतपाक तेल स्वस्त नव्हते, आणि शरदातले तूप मागणाऱ्या माणसाला चव कशाशी खातात हे नक्कीच ठाऊक होते. त्याने आवडीचे ठेवले, मात्र ते नाव घेऊन आणि मोजून ठेवले. जे यादीत नाही त्याचा प्रश्नच त्याच्यापुरता मिटला.

ज्या घरांनी गेल्या तीसचाळीस वर्षांत दुकानाच्या नफ्यातून शेअर आणि म्युच्युअल फंड घेऊन संपत्ती उभी केली, त्या घरांना आज हीच यादी उपयोगाची आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण अपुऱ्या अंथरुणासाठी घडलेली आहे. अंथरूणच दहा हात लांब झाले म्हणजे पाय किती पसरायचे, याचे उत्तर तिच्यात नाही. तिथे घराची दोन टोके होतात. एका टोकाला नवी पिढी म्हणते, आता कशासाठी काटकसर? दुसऱ्या टोकाला ज्याने कमावले तो गृहस्थ अजूनही रिकाम्या खोलीतला पंखा बंद करीत फिरतो, आणि दोघांनाही आपलेच खरे वाटते.

हिशेब मांडला तर दोघेही अर्धे खरे ठरतात. दरमहा १०,००० रुपये बाजूला टाकले आणि सरासरी १० टक्के वाढ धरली, तर २५ वर्षांत सुमारे १ कोटी ३२ लाख होतात. त्यांपैकी घरातून गेलेले ३० लाखच. या टप्प्यावर वाचवलेला प्रत्येक रुपया बियाण्याचा असतो, आणि जुन्या पिढीचा पंखा बंद करणे ही शुद्ध शेती असते. पुढे खात्यात ५ कोटी झाले म्हणजे चित्र पालटते. वर्षभर रोज २०० रुपये वाचवले तर ७३,००० जमतात. बाजार एका दिवसात एक टक्का हलला तरी ५ लाखांचा फरक पडतो. आता पंख्याच्या बटणावर संपत्तीची वाढ अवलंबून नसते. तरीही हात बटणाकडे जातो. तो का जातो, हाच खरा प्रश्न आहे. वीज वाया जाऊ नये ही जाणीव असेल, सवय असेल किंवा धास्तीही असेल. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात.

या बाबतीत अमेरिकेतील तीन माणसांची उदाहरणे बोलकी आहेत. तिघेही पगारदार होते, तिघांनी शेअर घेऊन दशकानुदशके सांभाळले, तिघांची राहणी अखेरपर्यंत साधी राहिली आणि तिघांची संपत्ती मृत्यूनंतर जाहीर झाली. मात्र तिघांच्या काटकसरीचा पोत एक नव्हता.

अ‍ॅन शायबर या अमेरिकेच्या आयकर खात्यात लेखातपासनीस होत्या. कायद्याची पदवी असूनही त्यांना बढती मिळाली नाही. ज्यू स्त्री असल्याने आपल्याला डावलले, अशी त्यांची भावना होती. श्रीमंतांची विवरणपत्रे तपासता तपासता एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानी आली, की संपत्ती शेअरमधून वाढते. १९४४ च्या सुमारास निवृत्त होताना त्यांच्याजवळ सुमारे ५,००० डॉलर होते. १९९५ मध्ये १०१ व्या वर्षी त्या वारल्या तेव्हा २ कोटी २० लाख डॉलर निघाले आणि ते सारे न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठाला, प्रामुख्याने मुलींच्या शिक्षणासाठी, गेले. विद्यापीठाने त्यांचे नावही ऐकले नव्हते. दान मोठेच. परंतु मॅनहॅटनमधील एका खोलीच्या भाड्याच्या घरात वर्षानुवर्षे तोच काळा कोट घालून राहणाऱ्या या बाईंचा दलाल आणि वकील यांच्यापलीकडे माणसांशी फारसा संबंध उरला नव्हता. भागधारकांच्या सभांना मात्र त्या हजर राहत आणि तिथले खाणे घरी घेऊन येत. पैसा वाचला, पण त्याबरोबर माणसेही वाचवून ठेवली, म्हणजे खर्चलीच नाहीत, असे म्हणावेसे वाटते.

व्हर्मांट राज्यातील ब्रॅटलबरोचे रोनाल्ड रीड यांनी सुमारे २५ वर्षे पेट्रोल पंपावर आणि पुढे १७ वर्षे एका दुकानात सफाईचे काम केले. कोटाला बटणांऐवजी सेफ्टी पिना, गाडी लांब उभी करायची म्हणजे पार्किंगचे पैसे वाचतात, सरपण स्वतः फोडायचे. एकदा न्याहारीचे बिल शेजारच्या गिऱ्हाइकाने परस्पर भरले. त्याला वाटले, या म्हाताऱ्याला परवडायचे नाही. २०१४ मध्ये ९२ व्या वर्षी ते गेले तेव्हा सुमारे ८० लाख डॉलर निघाले. कमीत कमी ९५ कंपन्यांचे शेअर होते; त्यांत बुडालेली लेहमन ब्रदर्सही होती, पण इतक्या विभागणीत तो घाव पचला. ४८ लाख डॉलर गावच्या रुग्णालयाला गेले, जिथे ते रोज न्याहारी करीत. १२ लाख गावच्या वाचनालयाला. रीड यांना लोकांची सोबत होती आणि आवडीचे काम होते. पण त्यांच्या सावत्र मुलांनाही या संपत्तीची कल्पना नव्हती. व्यापारी घरांनी या ठिकाणी जरा थांबावे. घरात कोणालाच काही ठाऊक नसणे ही साधेपणाची खूण मानावी का? डिमॅट खात्यांची यादी, वारसनोंद आणि मृत्युपत्र घरातल्या एका तरी माणसाला ठाऊक नसेल, तर मागे राहिलेल्यांना जी धावपळ करावी लागते ती करणाऱ्यांनाच विचारावी.

तिसऱ्या ग्रेस ग्रोनर. शिकागोजवळच्या लेक फॉरेस्ट गावातल्या. बाराव्या वर्षी पोरक्या झाल्या, १९३१ मध्ये गावच्याच महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि अ‍ॅबट लॅबोरेटरीज या औषध कंपनीत ४३ वर्षे सचिव होत्या. १९३५ मध्ये त्यांनी त्याच कंपनीचे तीन शेअर १८० डॉलरना घेतले. ते कधी विकले नाहीत. लाभांश आला की त्याचे आणखी शेअर घेत गेल्या. २०१० मध्ये वयाच्या १०० व्या वर्षी त्या वारल्या तेव्हा ते ७० लाख डॉलर झाले होते. एका शयनगृहाचे छोटेसे घर, मोटार नाही, कपडे जुन्या वस्तूंच्या विक्रीतून घेतलेले. मात्र निवृत्तीनंतर त्यांनी भरपूर प्रवास केला, मैत्रिणी जपल्या, चर्चमध्ये सेवा केली. आणि आपला पैसा पुढे कोठे जाणार याची व्यवस्था हयातीतच एका निधीच्या रूपाने लावून ठेवली. विद्यार्थ्यांचे परदेशी शिक्षण आणि उमेदवारी यांवर तो खर्च होतो. प्रवास हा त्यांच्या यादीतला शतपाक तेलाचा पदार्थ होता, असे म्हणायला हरकत नाही.

तिघांच्या खर्चाची बाजू जवळपास सारखीच आहे. फरक पडतो तो धरून ठेवण्याच्या बाजूला. जैन विचाराने परिग्रहाचे मूळ वस्तूंच्या संख्येत मानलेले नाही, मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत मानले आहे. त्या कसोटीला अगदी कमी खर्च करणारा माणूसही नापास होऊ शकतो. ज्याने खर्चाला मर्यादा घातली पण साठ्याला घातलीच नाही, त्याचे पाचवे व्रत सुरूसुद्धा झालेले नाही. काटकसर आणि अपरिग्रह ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत असे आपल्या घरांत सर्रास समजले जाते. हा समज सोयीचा आहे म्हणून टिकला आहे.

सोय शोधण्याची वृत्ती तशी जुनीच. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात या व्रताचे अतिचार सांगताना ज्या पळवाटा नोंदवल्या आहेत, त्या वाचून आजच्या कर-सल्लागारालाही हसू येईल. शेतांची संख्या ठरलेली, मग दोन शेतांमधला बांध काढून एकच शेत म्हणायचे. दोन घरांमधली भिंत पाडून एकच घर. सोने मर्यादेबाहेर गेले तर व्रताची मुदत संपेपर्यंत दुसऱ्याच्या हवाली करायचे. धान्य वाढले तर विसार देऊन दुसऱ्याच्याच कोठारात राहू द्यायचे. आठशे वर्षांपूर्वीच्या या नोंदीत शेजारचा फ्लॅट घेऊन मधली भिंत पाडण्याची युक्ती जशीच्या तशी सापडते. आकडा पाळला, व्रत मोडले, असा त्याचा निकाल आहे.

आणखी एक पळवाट मात्र शास्त्रात शोधण्याची गरज नाही, ती रोज डोळ्यांपुढे असते. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस, मोलकरणीचा पगार तीन वर्षे तोच, दुकानातल्या जुन्या मुनिमाला दिवाळीची बोनस देताना हात आखडता, पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ‘पुढच्या उन्हाळ्यात’. स्वतःच्या चहातली साखर कमी करणे ही काटकसर. दुसऱ्याच्या वाटीतली कमी करणे याला वेगळा शब्द हवा. स्वतःवर लावलेल्या नियमाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो का, एवढे पाहिले तरी पंख्याच्या बटणाकडे जाणारा हात कशामुळे जातो याचा बराचसा उलगडा होतो.

ज्या घरांत रोज सकाळी चौदा नियम धारण करण्याची रीत आहे, त्यांना मोजून उपभोग घेण्याचा सराव आहेच. आज किती द्रव्ये खायची, किती वस्त्रे, किती वाहने, कोणत्या दिशेला किती जायचे, हे सकाळी ठरते आणि संध्याकाळी तपासले जाते. तीच रीत वर्षाच्या हिशेबाला लावणे कठीण नाही. चोपडापूजनाच्या दिवशी नव्या वहीच्या एका पानावर तीन आकडे लिहिता येतात. घरखर्चाला वर्षाला किती, महागाई धरून. हातात किती असले म्हणजे पुरे: आजारपण, म्हातारपण, मुलांचे शिक्षण आणि धंद्याचे एखादे वाईट वर्ष यांची तरतूद करून. आणि त्यावर जे वाढेल ते कोठे जाईल, नावानिशी: गावची शाळा, वसतिगृह, पांजरपोळ, रुग्णालय, नात्यातले एखादे अडलेले घर. दुसरा आकडा लिहिताना हात थांबतो. तो थांबतो म्हणूनच लिहायचा. बाजार तेजीत असताना ‘पुरे’चा आकडा आपोआप सरकतो, गेल्या दिवाळीचे पान समोर असले म्हणजे तो किती सरकला ते निदान दिसते.

याच पानावर आवडीच्या खर्चासाठीही एक ओळ असावी. कोणाला तीर्थयात्रा, कोणाला पुस्तके, कोणाला चांगले तूप. ती ओळ नसलेली वही दोन-तीन वर्षांत बाजूला पडते. सूनबाईंना ती सासऱ्यांची वही वाटते आणि मुलांना शिक्षा वाटते.

आनंदाने १४ वर्षे व्रते पाळली. पंधराव्या वर्षी त्याने नातलगांना बोलावून भोजन दिले, सर्वांदेखत कारभार थोरल्या मुलाच्या हाती सोपवला आणि तो पौषधशाळेत राहू लागला. यापुढे घरच्या कामात आपला सल्लाही विचारू नये, असे त्याने सांगितले. पुढे साधनेत त्याला अवधिज्ञान झाले आणि त्याबद्दल शंका घेतलेल्या गौतम गणधरांनी येऊन त्याची क्षमा मागितली, ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. हयातीत कारभार सोडण्याचा प्रसंग मात्र क्वचितच सांगितला जातो, कदाचित तो आजच्या घरांना अधिक अडचणीचा आहे म्हणून.

तसाच क्वचित सांगितला जाणारा भाग त्याच्या पत्नीचा, शिवानंदेचा. व्रते घेऊन घरी आल्यावर आनंदाने आपली यादी तिच्यावर लादली नाही. त्याने तिला भगवंतांकडे जाण्यास सुचवले. ती स्वतः रथात बसून गेली, तिने उपदेश ऐकला आणि आपली व्रते आपल्या तोंडाने घेतली.