चिमटीत धरल्याशिवाय कापड कळत नाही

कापडाची परीक्षा नुसत्या कॅमेऱ्याने होईल, असं छातीठोकपणे सांगणारी मंडळी हल्ली प्रत्येक परिसंवादात भेटतात. त्यांना माझं एकच सांगणं असतं, आषाढात काटेवाडीला या. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरच्या वाटेला लागली की काटेवाडीत परीट समाज तिच्यापुढे धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचं रिंगण होतं. हवे तेवढे फोटो काढा आणि कोणतं धोतर धुऊन मऊ पडलंय, कोणत्यात अजून कोरी खळ आहे, ते फोटो बघून सांगा. परीट नुसतं झटकून सांगेल.

यंत्रमानव आणि कापड यांची गोष्ट बहुतेक जण 2010 पासून सुरू करतात. बर्कलीच्या यंत्राने तेव्हा टॉवेलांच्या घड्या घातल्या, एकेका टॉवेलला सुमारे 25 मिनिटं घेतली. कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण त्या यंत्राला टॉवेलचे कोपरे दिसत होते, टॉवेल कळत नव्हता.

खरी सुरुवात 1930 सालची. मँचेस्टरच्या पीअर्स यांनी कापडाचा 'हात', म्हणजे हाताला जाणवणारा त्याचा स्पर्श, मोजता येतो, हे त्या वर्षी दाखवलं. कृती इतकी साधी की आजच्या पोरांना तिची लाज वाटते. कापडाची अरुंद पट्टी सपाट फळीवर ठेवायची आणि हळूहळू कडेबाहेर सरकवायची. पट्टी आपल्याच वजनाने वाकते. तिचं टोक 41.5 अंशांच्या उताराला टेकलं की थांबायचं. बाहेर आलेल्या लांबीचं निम्मं म्हणजे त्या कापडाचं वाकण्याचं माप. मलमल लगेच मान टाकते, खादी जरा दम धरते, डेनिम ताठ पुढे जात राहतं. उभ्या धाग्याच्या दिशेने एक माप येतं, आडव्याच्या दिशेने दुसरंच. पट्टी उलटी ठेवली तर कधी तिसरंही.

मग जपानचे संशोधक कावाबाता. 1972 मध्ये त्यांच्या पुढाकाराने तिथल्या जाणकार पारख्यांची समिती बसली. तिने कापडं हाताळून शेरे दिले आणि कावाबातांनी त्या शेऱ्यांना जुळणारी यंत्रं बांधली. 20 सेंटिमीटर चौरस तुकडा ताणायचा, तिरका ओढायचा, वाकवायचा, दाबायचा, वरून घासायचा. मापं सोळा. जोर मात्र बोटांचा असतो तेवढाच, हलका. शिवाय जोर सोडल्यावर कापड किती परत येतं आणि किती मागे राहतं, तेही टिपायचं. कापडाचा स्वभाव या जाण्या-येण्यातच असतो, हे मी आयुष्यभर सांगत आलो. मी काम केलं त्या कापड प्रयोगशाळेतल्या वरिष्ठांना मात्र दर चौरस मीटरचं वजन आणि तुटेपर्यंतची ताकद, एवढंच हवं असे. अहो, कापड फाडण्यासाठी कोण शिवतं?

आता मोजमापाकडून पुन्हा यंत्रमानवाच्या बोटांकडे.

2012 मध्ये कॅलिफोर्नियात फिशेल आणि लोएब यांच्या यंत्रबोटाने घासून 117 पृष्ठभाग ओळखले. 2018 मध्ये एमआयटीच्या यंत्राने 153 कपडे साडेसहा हजारांहून अधिक वेळा चिमटीत धरले. बोटावर मऊ जेलचा थर, आत कॅमेरा; कापड दाबलं की विणीचा ठसा उमटतो. म्हणजे कॅमेरा लागला, पण चिमटीच्या आत! कॅमेरावाल्यांनी हे नीट वाचावं. याउलट 2016 मध्ये अमेरिकेतल्या एका उद्योगाने कापडच विरघळणाऱ्या रसायनाने पत्र्यासारखं ताठ केलं, यंत्राकडून टी-शर्ट शिवून घेतला आणि नंतर गरम पाण्यात ते रसायन धुऊन काढलं. अडचण सोडवण्याऐवजी तिला बाजूला बसवण्याचा हा प्रकार.

आमच्या भागात ही विद्या परकी नव्हती. चिंचोक्याची खळ दिलेली कोरी घोंगडी घेताना धनगर म्हातारा कड चिमटीत चोळायचा, कोपरा दुमडून सोडायचा आणि घडी कशी उलगडते ते बघायचा. कावाबातांनी यंत्रातून केलं ते हेच. आता मटणासाठी माडग्याळ मेंढी वाढली, दख्खनी लोकरीला भाव राहिला नाही, आणि बाजारात लोक घोंगडी मोबाइलवर बघून मागवतात.

ही पारख आज उरली आहे ती बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कात मशीनवर बसणाऱ्या बायांच्या बोटांत. निसरडं कापड मशीनच्या दात्यांवरून सरकू लागलं की त्या डोळ्यांआधी हाताने ओळखतात, ताण सैल करतात, कड किंचित मागे घेतात. हे त्यांना कोणी विचारत नाही, म्हणून कुठे लिहिलेलंही नाही. यंत्राला शिकवायला शेवटी माणसाचे शेरेच लागतात, ते काय आपण बाहेरून आणणार?

बारामती-इंदापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना माझी विनंती आहे. कापडांचे तुकडे जमवा, या बायांकडून त्यांच्याच शब्दांत शेरे घ्या आणि प्रत्येक तुकड्याला पीअर्सचं माप टाचा. त्याला एक फळी, एक पट्टी आणि थोडी चिकाटी लागते. यंत्रहात नंतर विकत घेता येईल, या बाया कामावरून उतरल्यावर त्यांचे शेरे मिळणार नाहीत.