जन्मभूमीचे नागरिकत्व पुन्हा मिळविणे आणि दुहेरी राष्ट्रीयत्व : राई व गोवा यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील राई हे गाव साष्टी बेटाच्या उत्तर भागात वसलेले आहे. इ. स. १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगिजांना दिला. पुढे सुमारे दोन शतके साष्टीवर पोर्तुगीज अंमल राहिला. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी घेतली व १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला सर केला. राईपासून डोंगरी-उत्तनपर्यंतच्या पट्ट्यातील ख्रिस्ती समाज १८८७ पासून स्वतःस ‘ईस्ट इंडियन’ म्हणवितो. पोर्तुगीज आडनावे मात्र आजही टिकून आहेत. त्यामुळे गोव्यातील माणसास पोर्तुगालचा पासपोर्ट मिळतो, मग साष्टीतील माणसास का नाही, हा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. त्याचे उत्तर आडनावात अथवा धर्मात नसून तारखेत आहे.

गोव्याचा अपवाद :
पोर्तुगालच्या दृष्टीने गोवा, दमण व दीव येथे डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेली व्यक्ती पोर्तुगीज प्रदेशात जन्मलेली होय. भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या तहान्वये मान्य केले. तरीही अशा व्यक्तींचा व त्यांच्या अपत्यांचा लिस्बन येथील केंद्रीय नोंदणी कार्यालयात जन्मनोंद करून राष्ट्रीयत्व मागण्याचा मार्ग खुला राहिला. साष्टीचा संबंध मात्र १७३९ मध्येच तुटला. राष्ट्रीयत्वाचा आधुनिक कायदा तेव्हा अस्तित्वातच नव्हता, म्हणून राईच्या रहिवाशास असा कोणताही दावा सांगता येत नाही.

भारताची भूमिका याच्या नेमकी उलट आहे. गोवा, दमण व दीव (नागरिकत्व) आदेश, १९६२ अन्वये २० डिसेंबर १९६१ पूर्वी तेथे जन्मलेल्या व्यक्ती, तसेच ज्यांचे आईवडील वा आजी-आजोबा तेथे जन्मले होते अशा व्यक्ती, त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानल्या गेल्या. पूर्वीचे राष्ट्रीयत्व राखू इच्छिणाऱ्यास एक महिन्याच्या आत लेखी घोषणा करण्याची मुभा होती. मोन्तेरो या धर्मगुरूंनी ती घोषणा केली. वास्तव्याच्या परवान्याची मुदत १९६४ मध्ये संपल्यावरही ते गोव्यातच राहिले व त्यांच्यावर खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये त्यांची शिक्षा कायम केली. स्वतःच्या जन्मभूमीत मनुष्य कायद्याने परका ठरू शकतो, हे या निकालाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

नागरिकत्व गमावणे व परत मिळविणे :
नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व आपोआप संपुष्टात येते. त्यासाठी वेगळ्या आदेशाची आवश्यकता नसते. परदेशाचा पासपोर्ट घेणे हा त्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. लिस्बन येथे केवळ जन्मनोंद करणे म्हणजे नागरिकत्व स्वीकारणे होय काय, यावर गोव्यात वारंवार वाद झाले आहेत. ब्रिटन युरोपीय संघात असताना पोर्तुगीज पासपोर्टवर तेथे मुक्तपणे राहता येत असे. त्यामुळे अनेक गोमंतकीय कुटुंबे स्विंडनसारख्या शहरांत स्थायिक झाली. ती सोय ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली, भारतीय नागरिकत्व मात्र त्याआधीच गेलेले होते.

परतीचा मार्ग कलम ५ मध्ये आहे, आणि तो गोमंतकीयास लागू तसाच परदेशी नागरिक झालेल्या राईच्या रहिवाशासही लागू. स्वतः अथवा आईवडिलांपैकी कोणी स्वतंत्र भारताचा नागरिक असलेली सज्ञान व्यक्ती, अर्जापूर्वी सलग बारा महिने भारतात सामान्यतः राहिली असल्यास, नोंदणीसाठी अर्ज करू शकते. विशेष परिस्थितीत एकूण तीस दिवसांपर्यंतचा खंड क्षम्य ठरविता येतो. परदेशी नागरिकत्व सोडावे लागते व निष्ठेची शपथ घ्यावी लागते. मात्र कलम ५(३) नुसार ज्याचे नागरिकत्व एकदा संपले त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या आदेशावाचून होत नाही. अर्थात, ही मागणी आहे, हक्क नव्हे. भारतात जन्म झाला एवढ्याने हा फरक मिटत नाही.

अपत्यांबाबत गैरसमज अधिक आढळतो. कलम ८ अन्वये आईवडिलांनी घोषणापूर्वक नागरिकत्वाचा त्याग केला असेल, तर अज्ञान अपत्यास सज्ञान झाल्यापासून एका वर्षात ते परत घेता येते. परंतु बहुसंख्य पालकांचे नागरिकत्व कलम ९ प्रमाणे आपोआप जाते. सिंगापूरमध्ये जन्मलेल्या एका तरुणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये याच कारणावरून दावा अमान्य केला.

‘ओसीआय’ म्हणजे काय नव्हे :
२००३ च्या दुरुस्तीने आलेली व २००५ मध्ये विस्तारलेली ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया ही योजना ‘दुहेरी नागरिकत्व’ या नावाने लोकप्रिय झाली. हे नाव दिशाभूल करणारे आहे. या कार्डधारकास आजीव व्हिसा मिळतो. मतदानाचा, निवडणूक लढविण्याचा अथवा घटनात्मक पदाचा अधिकार मिळत नाही. शेतजमीन त्यास वारसाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. राईसारख्या गावात, जेथे वडिलोपार्जित शेतीच्या वाटण्या अनेक भावंडांत होतात, तेथे परदेशस्थ भावाने स्वतःचा वारसाहिस्सा ठेवणे कायदेशीर आहे. शेजारच्या भावाचा हिस्सा खरेदी करणे मात्र नाही.