एका बाजूचे पाणी

सायकलीवरून देशाटन करणाऱ्यांची जी वर्णने वाचनात येतात, त्यांत चढलेल्या घाटांचा, तोडलेल्या मैलांचा आणि लागलेल्या दिवसांचा हिशेब इतक्या चोखपणे मांडलेला असतो की, हे प्रवासवर्णन आहे की एखाद्या महालकऱ्याचे वसुलीपत्रक, असा संभ्रम पडावा. माझ्यापाशी तसा हिशेब नाही. १९६६ च्या दिवाळीपासून, मध्ये पडलेले लहानमोठे खंड वजा जाता, मी वर्षाकाठी एकदा तरी नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरून सायकल हाकीत आलो. आणि एकाच कालव्याचा एकच काठ पुनःपुन्हा पाहण्यात तू काय मिळवलेस, असे कोणी विचारलेच, तर मी एक रेषा पाहिली आणि ती हळूहळू पुसट होत गेलेली पाहिली, एवढेच उत्तर मला देता येईल.

पहिल्या खेपेस आम्ही दोघे होतो. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या त्या काळच्या मीटरगेज गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये सायकली टाकून आम्ही नीरा स्टेशनात उतरलो, आणि पक्क्या सडकेने बारामती सुमारे २६ मैल असता कालव्याच्या वाटेने जाण्याचा आमचा मनोदय ऐकून तेथल्या हमालाने आमच्याकडे ज्या करुणेने पाहिले, तिचा अर्थ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उमगला. सडक गावाकडे जाते. कालवा गावाकडे जात नाही, तो उताराकडे जातो, आणि तोही उताराला जवळजवळ फसवीत. मैलामागे काही इंचांहून अधिक खाली उतरायचे नाही, असा त्याला त्याच्या आखणीकारांनी घालून दिलेला दंडक असल्यामुळे समोर टेकाड आले की तो त्याला वळसा घालतो, ओढा आला की वर आत शिरून सोयीची जागा शोधतो. ज्या मंदिराचे शिखर सकाळी आठाला समोर दिसले, ते अकरा वाजता पुन्हा समोरच, फक्त दुसऱ्या कुशीने, दिसते. पण याच कारणाने त्या वाटेवर चढ नाही. पाय नुसते फिरत राहतात, दम लागत नाही, बोलणे तुटत नाही. पाण्याने घाई केली तर काठ कापला जातो, म्हणून त्याला सावकाश नेले आहे, आणि त्याच्या सोबतीने जाणाऱ्यालाही ती सावकाशी आयतीच पदरात पडते.

सायकलस्वाराच्या उजव्या हाताला ऊस, डाव्या हाताला पाणी, आणि पाण्यापलीकडे माळ: निंबूत, वडगाव निंबाळकर, पणदरे, माळेगाव अशी गावे एकामागून एक मागे पडत असता ही मांडणी कोठेही बदलत नाही, हे माझ्या ध्यानात यायला मात्र दोन-तीन वर्षे लागली. कारण इतके साधे की, ते सुचू नये याचे नवल वाटते. कालवा नदीच्या डाव्या अंगाने, तिच्याहून उंचावरून चालतो आणि पाणी आपल्या वजनाने खालीच जाते. सबब कालवा आणि नीरा यांच्यामधली जमीन तेवढी भिजायची, वरची जिरायतच राहायची. एकाच शिवाराचे, कधी एकाच खातेदाराचे दोन तुकडे, एक बागायत आणि दुसरा कुसळांचा, आणि मध्ये बारा-पंधरा हातांचे पाणी. त्या हद्दीवर मी हौसेने सायकल चालवीत होतो.

युरोपात कालव्याच्या काठाने सायकली नेण्याची प्रथा मोठी आहे. फ्रान्सच्या दक्षिणेकडील, तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे गेलेला आणि १६८१ साली खुला झालेला २४० किलोमीटरांचा 'कॅनाल द्यु मिदी' हे तर अशा प्रवाशांचे क्षेत्रच होय. परंतु ती वाट नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी पडलेली आहे. आमच्या कालव्यात नाव कधी चालली नाही. आमची वाट पडली ती पाहणीला निघणाऱ्या साहेबाच्या घोड्यासाठी आणि पुढे ओव्हरसियर व पाटकरी यांच्या सायकलींसाठी. ती सरकारी आहे, आणि तिच्यावर हिंडणारा रिकामटेकडा इसम हा कायद्याच्या दृष्टीने आगंतुकच. पहिल्याच दिवशी एका मोरीपाशी, खाकी सदरा आणि धोतर अशा वेषातल्या पाटकऱ्याने आम्हांला अडवून "कुठलं पावनं? अर्जबिर्ज हाय का?" अशी पृच्छा केली, आणि आम्ही नुसतेच फिरायला आलो आहोत, या उत्तरावर त्याचा अखेरपर्यंत विश्वास बसला नाही. पाणीचोरीच्या तपासावर आलेले आम्ही कोणी छुपे अंमलदार असावेत, असा ग्रह करून घेऊन त्याने आम्हांला गुऱ्हाळावर नेले, चुलवणाशेजारी बसवून पितळीभर काकवी पाजली, आणि निरोपाच्या वेळी आपल्या पाळीपत्रकात काडीइतकीही तफावत नसल्याचा न विचारलेला जबाब दिला. पुढील वर्षी खात्यात चिकटलेल्या एका स्नेह्याच्या द्वारे आम्ही रीतसर परवानगी काढली. तिने बंगल्यावरचा मुक्काम मिळाला, खानसाम्याच्या हातची कोंबडी मिळाली, परंतु काकवी काही मिळाली नाही.

या कालव्याचे मूळ दुष्काळात आहे. १८७६-७७ च्या दुष्काळाने दक्खन होरपळला असता दुष्काळी काम म्हणून याच्या खोदाईला हात लागला, १८८५ च्या सुमारास पाणी सुटले आणि भोरजवळ भाटघरला येळवंडी अडवून त्याची बेगमी करण्यात आली. जुने धरण अपुरे पडले म्हणून त्याच्याच खालच्या अंगाला १९२८ साली लॉइड धरण उभे राहिले. आरंभी पाणी घ्यायला कोणी तयार नव्हते आणि पुढे सोडायला कोणी तयार होईना, हा या इतिहासाचा सारांश. ऊस पिकवणाऱ्या थोडक्या गावांनी सारे पाणी ओढून घेऊ नये, म्हणून त्या वेळी मुंबई इलाख्याच्या चाकरीत असलेल्या विश्वेश्वरय्यांनी शतकाच्या वळणावर ब्लॉक पद्धत बसवली: जमिनीचे तुकडे पाडायचे आणि त्यांत ऊस, इतर भिजपीक व कोरडवाहू पीक आळीपाळीने घ्यायचे. उपाय शहाणपणाचा होता. ऊस त्याहून शहाणा निघाला. अतिपाण्याने सखल जमिनी चोपण झाल्या, त्यांवर मीठ फुलले, आणि इंग्लिस या इंजिनिअराला चर खणून पाणी निचरण्याचे प्रयोग करावे लागले. बारामतीच्या अलीकडे मी असा एक पांढरा तुकडा पाहिला आहे. टळटळीत उन्हात तो चांदण्यासारखा दिसे आणि त्यात एकही पाखरू उतरत नसे.

१९७३ च्या उन्हाळ्यात मी एकटाच गेलो. त्या खेपेविषयी हौस हा शब्द वापरणे मला अद्याप जड जाते. पाऊस सलग चुकलेला, सडकेच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा, दुपारी सुकडीचे वाटप. आणि पाणी पिण्यापुरतेच सुटलेले असल्याने कालव्याच्या तळाशी गढूळ ओघळ. वरच्या अंगाच्या वाड्यांतली माणसे हंडे घेऊन काठावर उतरत होती. त्यांच्या दाराशी शंभर वर्षांपूर्वी खोदलेल्या त्या पाण्यावर कागदोपत्री त्यांचा थेंबभरही हक्क नव्हता. पाटकरी पाठ फिरवून विडी ओढीत उभा होता, आणि हंडे भरून होईतो त्याने मान वळवली नाही. सरकारी नोकराने हुकमाची केलेली इतकी सुंदर अवज्ञा मी दुसरीकडे पाहिलेली नाही. मी सायकलीवरून उतरलो आणि पुढचे दोन-तीन मैल ती हाताने ढकलीत चालत गेलो. तिच्यावर बसावेसे वाटले नाही.

त्यानंतरची वीस वर्षे थोडक्यात आटोपती घेतो. विजेचे खांब आले, खांबांमागून पंप आले, कालव्याच्या पाझराने भरणाऱ्या विहिरी वरच्या अंगालाही निघाल्या, आणि त्यांतून नळ टाकून लोकांनी माळावर ऊस चढवला. पाटकरी मोपेडवर बसला. माझी रेषा प्रथम तुटक झाली, मग पुसट, आणि एका वर्षी वाघळवाडीच्या आसपास दोन्ही हातांना सारखाच ऊस पाहून मी दिशा चुकलो की काय, अशी क्षणभर शंका आली. सायकलस्वार म्हणून माझे काहीतरी हिरावले गेले, हे मी कबूल करतो. आणि त्या माळावरच्या कुणब्यापुढे हे वाक्य उच्चारण्याची माझी छाती होणार नाही, हेही.

अलीकडे कालव्याला काँक्रीटचे अस्तर देण्याची बोलणी आणि त्यांना शेतकऱ्यांचा विरोध, असा मामला चालला आहे. खात्याच्या मते पाझर ही गळती. विहिरीवाल्याच्या मते तीच त्याची सनद.

शेवटची खेप चार वर्षांपूर्वीची. वय पाहता घरच्यांनी सोबत नातवाला दिले होते. तो पुढे निघून गेला आणि सणसरच्या अलीकडे, भरावावरच्या बाभळींखाली, माझ्या मागच्या चाकाने प्राण सोडला. १९६६ साली याच व्याधीवर आम्ही ट्यूब काढून कालव्यात बुडवली होती आणि बुडबुडे कोठून येतात ते पाहिले होते. या वेळी आवर्तन संपलेले. तळाला भेगाळलेला गाळ आणि त्यात बगळ्यांची पावले. मी ट्यूब हातात घेऊन उभा असता वरच्या बाजूने शेळ्या हाकीत एक पोरगा आला. "आजोबा, पाणी पायजे का?" म्हणाला, आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता त्याने एक फुटका प्लास्टिकचा डबा आडवा चिरून त्याची परात केली, खांद्यावरच्या पिशवीतून विकतच्या शुद्ध पाण्याची बाटली काढली आणि ती तिच्यात पालथी केली. ट्यूब बुडत नव्हती. थोडी थोडी फिरवीत आम्ही दोघांनी ती सारी तपासली; छिद्र व्हॉल्व्हच्या अगदी शेजारी निघाले.