रस्त्याकडेची भाजी

अमेरिकेतील ओहायो राज्यात, मक्याच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्याने, उन्हापावसाने लाल रंग विटलेली एक जुनी पॉन्टियाक गाडी चालली आहे. चीनहून येऊन तेथे स्थायिक झालेले आईबाप पुढे बसले आहेत, मुलगी व तिचा भाऊ मागे, आणि रस्त्याकडेच्या चरात वॉटरक्रेस नावाची पाणभाजी उगवलेली दिसताच आईबाप हर्षभरित होऊन गाडी थांबवितात. डिकीतून खाकी कागदाची पिशवी व गंजलेली कात्री निघते, मुलांना विजारी दुमडून थंड पाण्यात, चिखलात उतरावे लागते, आणि एखादी मोटार जवळून गेली की ओळखीच्या कोणी आपल्याला पाहिले तर नाही ना, या धास्तीने ती मुलगी मान खाली घालते. अँड्रिया वांग यांनी लिहिलेल्या व जेसन चिन यांनी चित्रित केलेल्या ‘वॉटरक्रेस’ (२०२१) या बालपुस्तकाचा आरंभ असा आहे.

ही भाजी मोहरीच्या कुळातली, म्हणजे आपल्या हळिवाची भाऊबंदच. रात्री लसूण व तीळ घालून ती जेवणात येते, तेव्हा मुलगी तिला शिवत नाही. फुकट मिळालेली वस्तू तिच्या लेखी हीनत्वाची खूण झाली आहे: दुसऱ्यांनी वापरून सोडलेले कपडे, रस्त्यावरून उचलून आणलेले सामान, आणि आता चरातले जेवण! तिची ही लज्जा लेखिकेने यत्किंचितही सौम्य केलेली नाही, आणि तिच्यासाठी मुलीला दोषही दिलेला नाही. या पुस्तकाचे खरे बळ मला येथेच जाणवते.

मग आई आपल्या माहेरच्या माणसांचे जुने छायाचित्र घेऊन येते, आणि तिचा धाकटा भाऊ चीनमधील दुष्काळात गेला, हे मुलीला कळते. त्या दुष्काळाची हकीकत मोठ्या वाचकाने अवश्य जाणून घ्यावी. १९५८ साली ‘मोठी झेप’ या नावाखाली चीनमध्ये शेती सामुदायिक करण्यात आली व गावोगाव सार्वजनिक भोजनगृहे निघाली. वरिष्ठांची मर्जी राखण्यासाठी स्थानिक अंमलदारांनी पिकांचे आकडे फुगवून कळविले, त्या खोट्या आकड्यांबरहुकूम धान्याची वसुली झाली, आणि ज्यांनी पिकविले त्यांच्याच नशिबी १९५९ ते १९६१ या काळात उपासमार आली. मृतांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात.

परदेशी वसलेल्या कुटुंबांवरील पुष्कळ बालपुस्तकांत वारसा सण, पोशाख व पक्वान्ने यांच्या रूपाने येतो; येथे तो भुकेच्या स्मृतीच्या रूपाने येतो, आणि ही स्मृती कोणतेही आईबाप मुलांच्या हाती सुखाने देत नाहीत. आपण सोसलेले लेकरांना न कळलेलेच बरे, असे त्यांना मायेपोटी वाटते. पण त्यांच्या मौनामुळे मुलांना दिसतो तो केवळ कंजूषपणा. आई बोलली नसती, तर ती भाजी मुलीला जन्मभर अपमानच वाटली असती. छायाचित्र पाहिल्यावर तिला शरम वाटते ती आपल्या शरमेची, आणि ती पहिला घास घेते.

चिन यांनी ही जलरंगचित्रे चिनी व पाश्चात्त्य अशा दोन्ही कुंचल्यांनी रंगविली असून त्यांना चित्रपुस्तकांसाठीचे २०२२ चे कॅल्डिकॉट पदक मिळाले. पूर्वार्धातील एका चित्रात ओहायोच्या मक्याची ताटे हळूहळू धूसर होत बांबूच्या बनात मिसळून जातात. आईची कहाणी वाचून झाल्यावर वाचकाने ते पान पुन्हा उघडावे. मुलीला तेथे अद्याप मकाच दिसत असतो.